खोटा शिक्षक ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर करायचं काय

खोटा शिक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उघडउघड ख्रिस्ताला नाकारणारा माणूस येतो. पण तसल्या माणसाला आपल्या मंडळीत कोणी खुर्चीही देणार नाही. येतो तो बगलेत पवित्र शास्त्र घेऊन. गातो आपल्यापेक्षा चांगलं, प्रार्थना करताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि आपले पाळकसाहेब चार महिन्यांत घरी फिरकले नसतील तर हा चार दिवसांत दोनदा येऊन जातो. पौलानं मिलेत इथं इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना क्रूर लांडग्यांचा इशारा दिला. त्याला लागूनच, तुमच्यातूनच काही उठतील, असंही बजावलं (प्रेषितांची कृत्ये 20:29-30).

मग ओळखायचं कसं? माझ्या मते एक खूण बाकी सगळ्यांहून पक्की आहे. चांगला शिक्षकही चुकतो, पण तो तुम्हाला तपासू देतो. खोटा शिक्षक तपासू देत नाही. वचन उघडून विचारलं तर तुमचा विश्वास कमी पडतो, हिशेब मागितला तर तुम्ही यहूदा, आजाराचा रिपोर्ट मागितला तर तुमच्यात संशयाचा आत्मा. खाली जे सांगतो आहे ते सगळं या तपासण्याबद्दलच आहे.

आधी हे: कोणाला खोटा म्हणू नये

बाळाचा बाप्तिस्मा की बुडवून बाप्तिस्मा, अन्य भाषा बोलाव्यात की नाही, पेटी-तबला की ड्रम, स्त्रियांनी उपदेश करावा की नाही, यावर मतभेद असणारा माणूस खोटा शिक्षक ठरत नाही. वसईचे कॅथलिक, 1970 साली नागपुरात स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, सगळे एकमेकांशी कशा ना कशावर असहमत आहेत. एवढ्यावरून शिक्का मारायला लागलो तर रविवारी उपासनेला फक्त आपण आणि आपली बायको उरू, तीही पुढच्या रविवारपर्यंत.

चुकीचं शिकवणारा आणि खोटा शिक्षक यांतही फरक आहे. अपुल्लो मोठा वक्ता, पण त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं आणि त्यानं ऐकलं (कृत्ये 18:26). तो खोटा नव्हता, कच्चा होता. आणि वडिलांविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, हा पौलाचा नियम (1 तीमथ्य 5:19) आपल्यालाही लागू आहे. फॉरवर्ड केलेली क्लिप म्हणजे साक्षीदार नव्हे.

जिथं तडजोड नाही त्या गोष्टी थोड्या आहेत: येशू कोण, त्याचं मरण आणि पुनरुत्थान, आणि तारण कृपेनं की कोणा माणसाच्या मेहेरबानीनं. उपासनेत उभं राहून आपण जो विश्वासांगीकार म्हणतो तो शांतपणे एकदा वाचा. नवा शिक्षक त्यातलं काय खोडतो हे पाहा, आणि त्याहून जास्त लक्ष तो त्यात काय जोडतो याकडे द्या. बहुतेक वेळा तो खोडत काहीच नाही. फक्त स्वतःला जोडतो.

वचन उघडून बघा

बिरुयाच्या लोकांनी पौलाचं ऐकून घेतलं आणि तो सांगतो ते तसंच आहे का, हे रोज शास्त्रात शोधलं. त्याबद्दल लूक त्यांची स्तुती करतो (कृत्ये 17:11). खुद्द पौलाला तपासणं चांगलं असेल, तर सभेत तीन कॅमेरे लावून बोलणाऱ्या ब्रदरना तपासणं पाप कसं होईल?

रीत सोपी आहे. संदेश ऐकताना वचनाचा संदर्भ वहीत लिहा. घरी आल्यावर तो अख्खा अध्याय वाचा, शिवाय आधीचा एक आणि नंतरचा एक. मग तीन प्रश्न विचारा: हे कोण बोलतोय, कोणाला, आणि वक्त्यानं कुठली ओळ गाळली?

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. यिर्मया 29:11 आपल्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या मागे, सगळीकडे असतं: देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. यावर उभं राहून सांगितलं जातं की या वर्षी तुमचं घर होणार, गाडी होणार, व्हिसा येणार. आता आधीचा अध्याय काढा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जोखड मोडणार आणि बंदिवान परत येणार. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घातलेलं लाकडी जोखड तो काढून मोडूनही दाखवतो. काय देखावा असेल! लोकांना आवडलंही असणार. यिर्मया आधी म्हणतो, आमेन, तसं होवो. पण शांतीचा संदेश देणारा खरा की खोटा हे तो संदेश पुरा झाल्यावरच कळतं, असंही तो बजावतो. नंतर देवाचं वचन येतं आणि तो हनन्याला तोंडावर सांगतो की देवानं तुला पाठवलेलं नाही. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मरतो.

पुढचा अध्याय, म्हणजे 29वा, हे बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण सुटका सत्तर वर्षांनी आहे. आठव्या ओळीत स्पष्ट लिहिलंय की तुमच्यातल्या संदेष्ट्यांच्या थापांना फसू नका. आणि मग येते ती अकरावी ओळ. झटपट आशीर्वाद विकणाऱ्या संदेष्ट्यांविरुद्ध लिहिलेल्या पत्रातलं वाक्य उचलून आज झटपट आशीर्वादच विकला जातो. पत्र ऐकणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांनी ती सुटका डोळ्यांनी पाहिलीच नसणार. आशा खरी आहे, पण ती कोणा एकाच्या व्हिसाची नाही.

ही सवय लागली की बाकीची वचनं पटापट उलगडतात. मलाखी 3:10 मधला दशमांश भांडारात अन्न असावं म्हणून आहे. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं 14:28-29 बरोबर वाचलं तर दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी होता हे दिसतं. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट (मार्क 12:41-44) सांगून गरीब बाईचे शेवटचे पैसे काढले जातात. तिच्या बरोबर आधीच्या ओळीत येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झोडतोय.

आणि हे तर सगळ्यांचं आवडतं: "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." प्रश्न विचारला की हेच वचन तोंडावर येतं. स्तोत्र 105 बाराव्या ओळीपासून वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे संख्येनं थोडे, परक्या देशात भटकणारे अब्राहाम, इसहाक, याकोब. आणि ताकीद दिली आहे ती राजांना. बलवानानं दुबळ्याला त्रास देऊ नये म्हणून दिलेली ताकीद आज दुबळ्याचं तोंड बंद करायला वापरतात. दावीदानं शौल राजाच्या जिवाला हात लावला नाही हे खरं. पण गुहेबाहेर उभं राहून, त्याच्या सैन्यासमोर, त्याची चूक त्याला सांगितलीच (1 शमुवेल 24). पुढे नाथान संदेष्ट्यानं अभिषिक्त दावीदालाही सोडलं नाही.

"हे शास्त्रात लिहिलेलं नाही, पण देवानं मला दाखवलं" असं वाक्य आलं की वही बंद करू नका, उलट तारीख घाला. संदेष्ट्यांनी दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी, असा नियम 1 करिंथ 14:29 मध्ये आहे. जिथं पारख करणारं कोणी नाही तिथं संदेष्टाही नाही, असं मी तरी धरून चालतो.

पैशाचा माग काढा

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या मंडळ्यांनाही हाच त्रास होता. डिडाखे नावाची एक जुनी पुस्तिका आहे. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिचं हस्तलिखित सापडलं. त्यात फिरत्या प्रेषितांसाठी नियम आहेत: एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशी मुक्काम ठोकला तर तो खोटा. निघताना वाटेपुरती भाकर द्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात येऊन जेवण मांडायला सांगितलं आणि स्वतःच जेवला, तरी खोटा. म्हणजे असेही महाभाग येऊन गेले असणार, त्याशिवाय का नियम झाला?

रोमच्या मंडळीनं इसवी सन 144 च्या सुमारास त्याहून अवघड गोष्ट केली. मार्सियन नावाच्या श्रीमंत जहाजमालकानं मंडळीला दोन लाख सेस्टर्शियस (रोमन नाणी) एवढी प्रचंड देणगी दिली होती. जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं तो शिकवायला लागल्यावर मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि त्याचे पैसे परत केले. आपल्या कमिटीत देणगीदाराला उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा ही गोष्ट आठवावी. पैसे परत करायची तयारी नसेल तर शिकवण तपासता येत नाही.

आता आजचं काम. देणगीसाठी क्यूआर कोड पडद्यावर आला की स्कॅन करून फक्त नाव वाचा. "मिनिस्ट्री"च्या जागी ब्रदरचं, त्यांच्या पत्नीचं किंवा मेहुण्याचं नाव आलं तर तिथंच थांबा. वैयक्तिक खात्यात गेलेला पैसा ही वैयक्तिक भेट असते, मंडळीचं अर्पण नव्हे. संस्थेचं नाव असेल तर पुढचे प्रश्न: ट्रस्टचा नोंदणी क्रमांक काय? पावती मिळते का? चेकवर सही कितीजणांची? पाळकांचं मानधन कोण ठरवतं? मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब कुठे बघायला मिळेल? महाराष्ट्रात सार्वजनिक धर्मादाय विश्वस्त संस्था 1950 च्या कायद्याखाली येतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे त्यांची नोंद आणि हिशेब असतात. चर्चही याला अपवाद नाही. शंका असेल तर सभासदाला तिथं अर्ज करता येतो.

हे विचारणं म्हणजे अपमान नाही. करिंथकरांची वर्गणी यरुशलेमला नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून हे करतो, असं त्यानं लिहून ठेवलं (2 करिंथ 8:20-21). आपल्याकडे खेड्यापाड्यांत तुटपुंज्या मानधनावर, उधारीवर किराणा आणून सेवा करणारे पाळक ढिगानं आहेत. हिशेबाचा प्रश्न विचारला तर ते खूशच होतात, कारण निदान त्या निमित्तानं कमिटी त्यांचं थकलेलं मानधन तरी बघते.

"बी पेरा" हा प्रकार मात्र वेगळा ओळखावा. ठरावीक आकडा, ठरावीक मुदत आणि शंभरपट परतफेड अशी ही तीन पायांची तिपाई असते: आज रात्री बारापर्यंत 1,111 रुपये पाठवा, म्हणजे कर्ज फिटेल. शंभरपटीचं वचन मार्क 10:30 मध्ये आहे खरं, पण त्याच वाक्यात "छळणुकीबरोबर" असंही आहे. तो भाग बॅनरवर कधी छापलेला पाहिला आहे? अमेरिकेतले टीव्ही उपदेशक जिम बेकर हेच शिकवत. हजार डॉलर दिले की दरवर्षी आमच्या विश्रामनगरीत फुकट मुक्काम, असं सांगून त्यांनी खोल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त लोकांकडून पैसे घेतले. 1989 मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात ते दोषी ठरले. तुरुंगात शास्त्र मुळापासून वाचल्यावर, आपली समृद्धीची शिकवण चुकीची होती, असं त्यांनी स्वतः मान्य केलं.

कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून, मुलांची फी थांबवून अर्पण देऊ नका. जवळ असेल त्याप्रमाणे द्यावं, नसेल त्याप्रमाणे नाही, हेही पौलाचंच (2 करिंथ 8:12).

भविष्यवाणी लिहून ठेवा

शास्त्रात दोन कसोट्या आहेत आणि लोकांना एकच माहीत असते. पहिली अनुवाद 18:22 मध्ये: सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराकडून नाही. दुसरी अनुवाद 13 मध्ये, आणि ती जास्त कडक आहे: चिन्ह खरं ठरलं, पण तो तुम्हाला देवापासून दुसरीकडे नेत असेल, तरीही त्याचं ऐकू नका. म्हणजे "पण त्यांनी सांगितलेलं खरं झालं ना!" हे उत्तर पुरेसं नाही.

पहिल्या कसोटीसाठी वही लागते. तारीख, नेमके शब्द, कोणापुढे बोलले हे लिहा, कारण नंतर शब्द बदलतात. कॅलिफोर्नियातले रेडिओ उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी जगाच्या शेवटासाठी आधी 1994 सांगितलं. ते साल सरल्यावर 21 मे 2011 ही तारीख दिली आणि जगभर फलक लावले. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेले पैसे जाहिरातीला दिले. 22 मे उजाडला. मग त्यांनी सांगितलं की न्याय झाला, पण आध्यात्मिक रीतीनं. खरा शेवट 21 ऑक्टोबरला. तोही दिवस गेला. 2012 मध्ये त्यांनी चूक कबूल केली, पण घर विकून बसलेल्यांचं घर काही परत आलं नाही. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, हे मार्क 13:32 त्या सगळ्यांच्या घरात होतंच.

गोलमोल संदेशांना तर ही कसोटीही लागत नाही. "इथं कोणीतरी आहे, ज्याचा गुडघा दुखतोय." तीनशे माणसांच्या सभेत, त्यातही निम्म्या साठीच्या पुढच्या बायका, गुडघा न दुखणारी सापडली तर चमत्कार म्हणायचा.

लग्न, जमीन विकणं, नोकरी सोडणं, ऑपरेशन न करणं यांबद्दल कोणी "प्रभू म्हणतो" असं सांगितलं तर घरात एक नियम ठेवा: एका माणसाच्या शब्दावर आणि एका आठवड्याच्या आत काहीही ठरवायचं नाही. देवाची इच्छा असेल तर ती सोमवारपर्यंत थांबते. घाई दुसऱ्या कोणाला तरी असते.

आजारपणात सगळ्यात सावध

देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच इथं जरा लांबण लावतो.

1986 साली अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचे उपदेशक गर्दीतल्या अनोळखी माणसाला नावानं हाक मारत, त्याचा पत्ता आणि आजार सांगत आणि बरं झाल्याचं जाहीर करत. जेम्स रँडी या जादूगाराला पॉपॉफच्या कानात छोटं यंत्र असल्याचा संशय आला. त्यानं सभागृहात रेडिओ स्कॅनर आणवला आणि 39.17 मेगाहर्ट्झवर पॉपॉफच्या पत्नीचा आवाज पकडला. सभेआधी लोकांनी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवरून ती नवऱ्याला नावं आणि आजार सांगत होती. ते ध्वनिमुद्रण राष्ट्रीय टीव्हीवर वाजलं आणि पुढच्या वर्षी पॉपॉफनी दिवाळखोरी जाहीर केली. काही वर्षांनी ते परत टीव्हीवर आले, या वेळी चमत्काराच्या पाण्याच्या पुड्या घेऊन. उघडं पडलं म्हणून कोणी संपत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता तर कानात यंत्रही नको. प्रार्थना विनंतीचा ऑनलाइन फॉर्म, तुमचं फेसबुक आणि पुढच्या रांगेत बसवलेली तुमची शेजारीण यांतून सगळं आधीच कळलेलं असतं. सभेला जायचंच असेल तर फॉर्मवर आजार लिहू नका आणि बघा, देव सांगतो का ते.

येशूनं दहा कुष्ठरोग्यांना सांगितलं, जाऊन याजकांना दाखवा (लूक 17:14). त्या काळी हा रोग गेला की नाही हे तपासायचं काम याजकाचं होतं. म्हणजे खुद्द प्रभूनं बरं झालेल्यांना तपासणीला पाठवलं. मग साखर उतरल्याची साक्ष देणाऱ्याला रक्ततपासणी कर म्हणण्यात अविश्वास कुठे आला? पौलाचा सोबती त्रफिम मिलेतमध्ये आजारीच राहिला (2 तीमथ्य 4:20), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं गेलं, आणि लूक तर वैद्यच होता. यांच्यापैकी कोणालाही "तुझा विश्वास कमी" असं कोणी म्हटल्याचं दिसत नाही.

एक रेषा मात्र पक्की आखा. जो माणूस औषध बंद करायला सांगतो त्याच्याशी पुढे चर्चा नाही. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या की औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, मानसिक आजाराची औषधं थांबवली तर जीव जाऊ शकतो. भूत काढायच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणं, चटके देणं हे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखणंही त्यातच येतं. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. मांत्रिकाला वेगळा आणि ब्रदरला वेगळा असा कायदा नाही.

त्याला "नाही" कोण म्हणू शकतं?

शिकवण शुद्ध असली तरी माणूस तपासावा लागतो. रवी झकरायस चेन्नईत जन्मले, जगभर ख्रिस्ती विश्वासाच्या बाजूनं बोलले, आणि त्यांच्या व्याख्यानांत चूक काढणं कठीण होतं. मे 2020 मध्ये ते वारले. त्यांच्या संस्थेनंच नेमलेल्या वकिलांचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये आला. त्यांनी वर्षानुवर्षं अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचे पुरावे त्यात होते. त्यांच्या हयातीतही तक्रार झाली होती, पण संस्थेनं तक्रार करणाऱ्या बाईऐवजी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

म्हणून नव्या सेवकाबद्दल विचारा: यांना दीक्षा कोणी दिली? आधीच्या मंडळीतून का निघाले, आणि तिथल्या वडिलांना फोन करता येईल का? "बिशप", "अपोस्टल", "डॉक्टर" या पदव्या कुठून आल्या? कॅथलिक घरात अनोळखी फादर आले तर बिशपांनी दिलेलं ओळखपत्र मागायची रीतच आहे. कमिटीत नातेवाईक किती, बाहेरचे किती? योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस आठवा: त्याला पुढारीपणाची हौस, तो प्रेषितालाही जुमानत नव्हता आणि पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवत होता.

आणि घरातली चिन्हं बघा. आईबापांना "जगिक" म्हणून तोडणं, इतर कुठल्याही मंडळीत जाऊ न देणं, मोबाइल तपासणं, तरुण मुलींना समुपदेशनासाठी एकट्यानं बोलावणं, पापकबुली लिहून घेऊन ती जपून ठेवणं. गयानातल्या जोन्सटाउनमध्ये 18 नोव्हेंबर 1978 रोजी जिम जोन्स या उपदेशकाच्या पंथातली नऊशेहून जास्त माणसं, बहुतेक विषानं, मेली. त्याची सुरुवात विषानं झाली नव्हती. गरिबांना जेवण देणाऱ्या, काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवणाऱ्या चर्चपासून झाली होती.

कळल्यावर

व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच भडका उडवू नका. आधी कागद गोळा करा: संदेशांच्या लिंक, तारखा, पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोनवरचे मेसेज. दुसरा एखादा शहाणा सभासद बरोबर घ्या आणि शिकवणीचा प्रश्न असेल तर आधी त्या शिक्षकाशी, मग वडिलांशी किंवा पास्टोरेट कमिटीशी बोला. त्यांनी झटकलं तर वरच्या मंडळाला लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते.

गुन्हा असेल तर ही पायरी लागू नाही. मत्तय 18 मधलं "तू आणि तो एकांती" हे भावाच्या अपराधासाठी आहे. मुलावर हात टाकणाऱ्याला सावध करण्यासाठी नाही. अल्पवयीनावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. मुलांसाठी 1098, तातडीसाठी 112, ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर 1930, आणि हा शेवटचा फोन जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

इथं आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: "आपण आधीच मूठभर, त्यात आपलीच लक्तरं वेशीवर कशाला टांगायची?" 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी आहेत, आणि सध्याच्या वातावरणात ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण झाकून ठेवलेलं बाहेर येतंच, फक्त उशिरा आणि जास्त बळी घेऊन.

मंडळीनं आधीच करून ठेवायच्या गोष्टी फार नाहीत. पाहुण्या वक्त्याला कमिटीच्या मंजुरीशिवाय व्यासपीठ नाही आणि पाहुण्यासाठी वेगळी थैली फिरवायची नाही. वर्षाचा हिशेब सूचनाफलकावर लावायचा. बंद खोलीत एकट्यानं कोणासाठीही प्रार्थना करायची नाही. महिन्यातून एकदा उपदेशानंतर प्रश्नोत्तरं ठेवायची. आणि आजारी, कर्जबाजारी, नुकतीच विधवा झालेली अशी घरं कोण भेटतं याची यादी करायची, कारण खोट्या शिक्षकाकडे ती यादी असतेच.

घरचंच माणूस अडकलं असेल तर

समजा मावशी दर शुक्रवारी रात्रभराच्या ऑनलाइन प्रार्थनेत बसते आणि पेन्शनमधून पैसे पाठवते. "मावशी, तो भामटा आहे" असं म्हटलंत की संपलं. पुढच्या वेळी ती तुमच्यापासून लपवून पाठवेल. तिथं तिला काय मिळतं हे आधी बघा. कोणीतरी तिचं नाव घेऊन प्रार्थना करतं. काका गेल्यापासून आपल्यापैकी कोणी केली होती?

तिच्याबरोबर एकदा बसून पूर्ण सभा ऐका. नंतर असं बोलता येतं: "मावशी, ब्रदरनी यिर्मया 29 काढलं होतं ना? चल, तो अध्याय आपण दोघं वाचू." किंवा, "तू पाठवलेल्या पैशांची पावती आली का गं? मागून बघ ना एकदा, ते काय म्हणतात बघू." पावती मागितल्यावर येणारं उत्तर तुमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त सांगून जातं. यूपीआयची दैनिक मर्यादा तिच्या संमतीनं कमी करून ठेवा. घर किंवा सोनं यांचे कागद कुठे आहेत हे भावंडांनी मिळून बघा. वाद घालायचा नाही, पण औषधांवर लक्ष ठेवायचं, आणि गोळ्या उरायला लागल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

ती बाहेर पडली तर "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द गिळा. लगेच पुढच्या रविवारी तिला साक्ष द्यायला उभं करू नका, आणि तुमच्या मंडळीच्या सभासदत्वाचा फॉर्मही पुढे सरकवू नका. काही महिने ती कुठल्याच उपदेशावर विश्वास ठेवणार नाही, ठेवू नये. पैशांच्या नोंदी तिच्याकडून घेऊन तारखेप्रमाणे लावा. तक्रार करायची की नाही हे तिलाच ठरवू द्या. आणि सोडलेली औषधं तिनं स्वतःच्या मनानं जुन्याच डोसनं सुरू करू नयेत. खंड किती दिवस पडला ते आधी डॉक्टरांना खरं सांगायचं, आणि त्या भेटीला तुम्ही बरोबर जायचं.